सातभाईंचे घरटे : निसर्गातील परोपकार आणि उत्क्रांती



वर्षावासातील ग्रंथवाचन संपल्यावर आमच्या येलदरीच्या विहारात मुलांसाठी एक तास घेण्याचा प्रघात आम्ही ठेवला आहे. अशाच एका तासाला नववीतल्या मुलीने प्रश्न विचारला. ती म्हणाली, "सर, निसर्गात जगण्यासाठी झगडा असतो असे तुम्ही शिकवता. मग आमच्या दारातल्या बाभळीवर सातभाईंचे घरटे आहे, त्यातल्या पिलांना पाच-सहा पाखरे येऊन भरवतात, ते का? आईबाप तर दोनच असतील ना?"

मी बोलण्याआधीच मागे बसलेल्या आजी म्हणाल्या, "त्यांच्या पोटात देवानंच माया घातली, बाई." मग त्या थोड्या ओशाळल्या आणि म्हणाल्या, "आता देव म्हणू नये हे कळतंय मला. पण मग माया घातली कुणी?"

मुलीचा प्रश्न आणि आजींचा प्रश्न, दोन्ही खरे आहेत. देव नाकारला म्हणजे त्याच्या नावावर टाकलेल्या प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात असे नाही. ती अभ्यासाने शोधावी लागतात. तो अभ्यास आजच्या पाठात करू.

१. डोळ्यांसमोरील पाखरे

प्रथम जे दिसते ते नीट पाहू. पूर्णा नदीवरील आमच्या धरणाचे पाणी उन्हाळ्यात मागे हटते आणि काठाची जमीन उघडी पडते. तेथे टिटवी अंडी घालते. तिला झाड नको, काड्यांचे घरटे नको. खड्यांमध्ये उथळ खळगा करून ती बहुधा चार अंडी घालते. त्यांचा रंग मातीत असा मिसळतो की पाय पडेपर्यंत दिसू नयेत. नर आणि मादी दोघेही अंडी उबवतात. ऊन फार झाले की पोटाची पिसे पाण्यात भिजवून येतात आणि त्या ओलाव्याने अंडी थंड ठेवतात. कुत्रा किंवा माणूस जवळ आला की ओरडत अंगावर झेप घेतात. रात्री टिटवी ओरडली की अशुभ, असे आपल्याकडे मानत आले. त्या ओरडण्यात अशुभ काही नाही. तो बहुधा पिलांची राखण करणाऱ्या आईबापांचा आवाज असतो.

सुगरणीचे उदाहरण वेगळे आहे. बहिणाबाई चौधरींच्या कवितेमुळे सुगरण म्हटले की खोपा विणणारी आई आपल्या डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात खोपा विणतो तो नर. डॉ. सालिम अली यांनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीम गावी या पक्ष्याचे बारकाईने निरीक्षण केले. नर खोपा अर्धा विणून थांबतो. मादी येऊन तो पारखते. तिला पसंत पडला की नर तो पुरा करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी दुसरा खोपा सुरू करतो. अंडी उबवणे आणि पिलांना भरवणे हा भार बहुतांशी मादीवरच पडतो.

म्हणजे एका पाखरात बाप राखण करतो, दुसऱ्यात तो घर बांधून निघून जातो. माया कुणी एकाने सर्वांच्या पोटात सारखी घातली असती, तर ती अशी वेगवेगळी का असती? ज्या जातीला जसे जगावे लागले, तशी तिची पिले वाढविण्याची रीत घडत गेली.

२. सातभाईंचे कुटुंब

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सातभाई आपल्या सर्वांच्या ओळखीचे. मातकट रंगाचे, कलकलाट करणारे, बाभळीखाली पालापाचोळा उलटणारे. नाव सातभाई असले तरी थव्यात कधी कमी तर कधी अधिक पक्षी असतात. थव्यात बहुधा एकच जोडी अंडी घालते. अंडी सुंदर निळी असतात. पिले बाहेर आली की थव्यातील इतर पक्षीही किडे आणून भरवतात, शिकारी पक्षी दिसला की ओरडून इशारा देतात. १९७० च्या दशकात गॅस्टन नावाच्या संशोधकाने दिल्ली येथे या पक्ष्यांचा अभ्यास केला. असे थवे हे पुष्कळदा नात्यातलेच असतात. आधीच्या विणीची मोठी झालेली पिले, विशेषतः नर, थव्यातच राहून धाकट्या भावंडांना वाढवण्यास हातभार लावतात. आमच्या विद्यार्थिनीने बाभळीवर पाहिले ते हेच असावे.

३. डार्विनपुढील अडचण

चार्ल्स डार्विन यांचा जातींच्या उत्पत्तीवरील ग्रंथ १८५९ साली प्रसिद्ध झाला. त्याचे सार असे : एकाच जातीच्या जिवांत थोडेथोडे फरक असतात. ज्या फरकामुळे जीव जगतो आणि त्याची संतती वाढते, तो फरक पुढच्या पिढीत अधिक पसरतो. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात.

हे खरे असेल तर दुसऱ्याच्या पिलांसाठी राबणारा जीव टिकावाच कसा? डार्विन यांनी ही अडचण लपवली नाही. मधमाश्यांच्या पोळ्यातील कामकरी माशी जन्मभर राबते, माणसाला डंख मारून स्वतः मरते आणि तिला सहसा स्वतःची संतती नसते. मग तिचा हा गुण पुढे जातो कसा? आपल्या सिद्धांतापुढील ही मोठी अडचण आहे असे त्यांनी स्वतःच ग्रंथात मांडले आणि निवड एकट्या जिवाची न होता कुटुंबाचीही होऊ शकते, हे उत्तरही सुचवले. स्वतःच्या सिद्धांतावरील सर्वांत कठीण आक्षेप स्वतःच मांडायचा, ही खऱ्या अभ्यासकाची वृत्ती होय. आपण ती शिकण्यासारखी आहे.

४. वाण एकच, कणगी दोन

या अडचणीचे गणिती उत्तर १९६४ साली हॅमिल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने दिले. ते शेतकऱ्याला चटकन कळेल. तुमच्या ज्वारीचा एक चांगला वाण आहे. त्याचे बी तुमच्या कणगीत आहे आणि भावाच्या कणगीतही आहे. तुमचे पीक बुडाले पण भावाचे पिकले, तरी वाण टिकला.

सजीवांच्या शरीराची घडण आणि काही प्रमाणात वागणूक ज्या आनुवंशिक घटकांवर अवलंबून असते, त्यांना जनुके म्हणतात. पोटच्या पिलात आपला निम्मा वारसा उतरतो. सख्ख्या भावंडाशीही आपला सरासरी निम्माच वारसा समान असतो. चुलत, मामे, मावस, आते भावंडांशी तो सरासरी एक अष्टमांश असतो.

आता समजुतीसाठी काही आकडे घेऊ. एक तरुण सातभाई थवा सोडून वेगळा झाला. त्याला अनुभव नाही, मोकळी जागा नाही. कसेबसे एक पिलू जगले. वारशाच्या भाषेत त्याच्या पदरात अर्धा हिस्सा पडला. तोच जर घरी राहिला आणि त्याच्या मदतीमुळे एरवी मेली असती अशी दोन भावंडे जगली, तर दोन अर्धे मिळून एक हिस्सा झाला. म्हणून अशा परिस्थितीत मदत करण्याची प्रवृत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. पाखराला हे गणित येत नाही, येण्याची गरजही नाही. ज्यांच्यात ही प्रवृत्ती होती त्यांची घराणी वाढली, एवढेच.

जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञांनी हीच गोष्ट विनोदाने सांगितली होती असे म्हणतात : आपण दोन भावांसाठी किंवा आठ चुलत भावांसाठी जीव देऊ! हे हाल्डेन १९५७ साली भारतात आले, पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे वारले.

नाते हेच एकमेव कारण असते असे मात्र समजू नये. थव्यात राहिल्याने स्वतःचेही संरक्षण होते, पिले वाढवण्याचा सराव होतो, पुढेमागे थव्याची जागा आपल्याला मिळू शकते. नाते नसलेल्या जिवांतही 'आज मी तुला, उद्या तू मला' अशी देवाणघेवाण टिकू शकते, हे ट्रायव्हर्स यांनी १९७१ साली दाखवून दिले.

तेव्हा आजींच्या प्रश्नाचे उत्तर असे की, माया कुणी घातली नाही. ती कारणाने उपजली, कारणाने टिकली. कारणाशिवाय काही घडत नाही, हा प्रतीत्यसमुत्पादाचा विचार आपण विहारात ऐकतो. बाभळीवरही तोच लागू पडतो.

५. निसर्ग गुरू नव्हे

येथे काही जण म्हणतील, "पाहा, पाखरांकडून माणसाने शिकावे." थोडे थांबू या.

पेरणीच्या दिवसांत 'पेरते व्हा' असा सूर लावणारा पावशा सातभाईंच्याच घरट्यात अंडे घालतो. त्याचेही अंडे निळे असते. सातभाई ते उबवतात आणि परक्या पिलाला आपले समजून भरवतात. हे औदार्य नव्हे. 'आपल्या घरट्यात जी चोच उघडेल तिला भरव' अशी त्यांची घडण आहे आणि पावशा तिचा लाभ घेतो. गायबगळ्याच्या घरट्यात पिले एकदम बाहेर येत नाहीत, मागेपुढे येतात. चारा कमी पडला की थोरले पिलू धाकट्याला टोचते, त्याचा घास हिसकावते आणि धाकटे मरते. आईबाप सहसा मध्ये पडत नाहीत.

सातभाईंचा दाखला घेऊन त्याग शिकवायचा, तर गायबगळ्याचा दाखला घेऊन 'बळी तो कान पिळी' हेही कुणी शिकवील. तसे शिकवलेही गेले. जो लायक तोच टिकतो, अशा अर्थाचा शब्दप्रयोग हर्बर्ट स्पेन्सर यांनी १८६४ साली केला. पुढे अनेकांनी त्याचा आधार घेऊन गरीब आणि दलित हे निसर्गानेच खाली ठेवले आहेत असे सांगितले. आपल्या पूर्वजांना हीच गोष्ट पूर्वजन्मीच्या कर्माच्या नावाने सांगितली गेली होती. नाव बदलले तरी फसवणूक तीच. निसर्गात काय घडते हे विज्ञान सांगते. माणसाने कसे वागावे हे पाखरांना विचारून ठरत नाही.

६. माझी आक्का

आता एक घरची गोष्ट सांगतो. आमचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जात. आक्का सातवीत असताना शाळेतून निघाली आणि आम्हा तीन धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी राहिली. ती दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाई आणि संध्याकाळी आमच्यासाठी भाकरी थापी. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. पदवीच्या कागदावर नाव माझ्या एकट्याचे आहे.

सातभाईंविषयी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला आक्का आठवली आणि वाईटही वाटले. तिची माया म्हणजे नुसता अर्ध्या हिश्श्याचा हिशोब काय? पुढे विचार केल्यावर उमगले की तसे नाही. नदी कुठून उगम पावली हे कळल्याने तिच्या पाण्याची गोडी कमी होत नाही. आक्काने भाकरी थापताना हिस्से मोजले नव्हते.

परंतु दुसरी गोष्ट अधिक बोचली. तरुण सातभाई अनेकदा घरी राहतो तो त्याला बाहेर मोकळी जागा नसते म्हणून. आक्का घरी राहिली तीही तिच्यापुढे दुसरी वाट नव्हती म्हणून. तिला कुणी विचारले नव्हते. त्याग तिचा होता, निवड तिची नव्हती. म्हणून माझी आपणा सर्वांना विनंती आहे : पाखरांचा, मायेचा किंवा थोरल्या बहिणीच्या कर्तव्याचा दाखला देऊन कोणत्याही मुलीला शाळेतून काढू नका.

आणखी एक आठवण. माझ्या परीक्षेची फी भरायला पैसे नव्हते तेव्हा वस्तीने वर्गणी केली. त्यात नात्यातली घरे होती, तशी ज्यांचे आमच्याशी रक्ताचे काहीच नाते नव्हते अशीही होती. येथे सातभाईंचे गणित पुरे पडत नाही.

७. वर्तुळ मोठे करणे

करणीय मेत्त सुत्तात आईच्या मायेचा दाखला आहे. आई जशी एकुलत्या लेकराला जिवापाड जपते, तसे मन सर्व प्राण्यांविषयी ठेवावे, असा त्याचा आशय आहे. लेकरावरील माया निसर्गाने घडवली. ती सर्वांपर्यंत नेणे हे माणसाचे काम आहे. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हेच समजावले की, नीतीला ईश्वराची गरज नाही. माणसाला माणसाशी प्रेमाने राहावे लागते, यातूनच ती उपजते. स्वतः डार्विन यांनी १८७१ च्या ग्रंथात लिहिले की माणसाची सहानुभूती आपल्या टोळीपुरती न राहता इतर सर्व माणसांपर्यंत, पुढे मुक्या प्राण्यांपर्यंत वाढत जाते.

आक्काची मुलगी यंदा अकरावीला गेली. हॅमिल्टनच्या हिशोबाने भाची म्हणजे पाव हिस्सा. तिची फी भरताना मी हिस्सा मोजत नाही. तिच्याच वर्गातल्या, आमच्या कुणीच न लागणाऱ्या मुलीची वह्या-पुस्तके ज्या दिवशी मी तितक्याच सहजतेने आणीन, त्या दिवशी मी मैत्रीचा पाठ शिकलो असे म्हणता येईल.

घरी चर्चा करण्यासाठी प्रश्न

१. तुमच्या घराजवळील एखादे घरटे दुरून पाहा. पिलांना किती पाखरे भरवतात ते सात दिवस वहीत लिहा. घरट्याला हात लावू नका.

२. 'निसर्गात असे घडते' आणि 'माणसाने असे वागावे' या दोन वाक्यांत काय फरक आहे?

३. तुमच्या शिक्षणासाठी घरातील कोणी काय सोडले? त्यांना कुणी विचारले होते का?

सर्वांचे मंगल होवो.