भांगेचें बीं : एक उपेक्षित अन्न

भांग हें नांव कानीं पडतांच सभ्य मनुष्य नाक मुरडतो, व तें स्वाभाविकच आहे. कारण या झाडाच्या पानांच्या व फुलोऱ्याच्या नादीं लागून अनेकांचे संसार धुळीस मिळाले आहेत. परंतु वनस्पतीचा एक भाग घातक म्हणून तिचे सर्वच भाग त्याज्य मानणें शास्त्रास धरून नाहीं. बटाट्याच्या झाडास येणारीं हिरवीं फळें विषारी असतात, तरी जमिनींतील बटाटा आपण आवडीनें खातों. हाच विवेक भांगेच्या बियास लावून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम प्रश्न असा कीं, भांगेची मादकता कोठें असते? मादीझाडाच्या फुलोऱ्यावर व त्यालगतच्या पानांवर सूक्ष्म केसांसारख्या ग्रंथी असतात. त्यांतून पाझरणाऱ्या चिकट राळेंत मादक द्रव्य असतें. बियाच्या गरांत अशा ग्रंथी नसतात. मात्र बीं त्याच फुलोऱ्यांत पोसलें जात असल्यामुळें राळेचा लेश त्याच्या टरफलास चिकटून राहूं शकतो. म्हणून तें नीट निवडून व स्वच्छ करून घेणें अगत्याचें आहे. हा भेद कायद्यानेंही मानला आहे. १९८५ च्या मादक द्रव्यांच्या कायद्यानें फुलोऱ्यापासून वेगळें केलेलें बीं गांजाच्या व्याख्येंतून वगळलें. आणि २०२१ सालीं भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानें हें बीं, त्याचें तेल व पीठ यांस अन्न म्हणून मान्यता दिली, व त्यांत राहूं शकणाऱ्या मादक अंशाची मर्यादाही ठरवून दिली.

आतां त्याच्या पोषकतेकडे वळूं. टरफल काढलेल्या १०० ग्रॅम बियांत सुमारें ३१ ग्रॅम प्रथिनें, सुमारें ४९ ग्रॅम स्निग्धांश, ७०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम व सुमारें ८ मिलिग्रॅम लोह असतें. म्हणजे २० ग्रॅम गर खाल्ल्यास सुमारें ६ ग्रॅम प्रथिनें मिळतात. ६५ किलोग्रॅम वजनाच्या प्रौढ पुरुषास दिवसास सुमारें ५४ ग्रॅम प्रथिनें लागतात हें लक्षांत घेतां, त्याची नवमांश गरज एवढ्याशा गरानें भागते. सटरफल बियांत प्रथिनें कमी, पण चोथा पुष्कळ असतो. याच्या तेलांत लिनोलेइक व लिनोलेनिक हीं दोन आम्लें असतात. तीं शरीरास अवश्य लागतात, पण शरीर तीं स्वतः तयार करूं शकत नाहीं.

या अन्नाचा खरा जुना संसार कुमाऊँ व गढवाल या उत्तराखंडांतील पहाडी मुलखांत आहे. तेथील गृहिणी बीं मंद आंचेवर तव्यावर भाजते. तें तडतडूं लागलें कीं उतरविते, आणि हिरवी मिरची, कोथिंबीर, लसूण, जिरें व मीठ घालून पाट्यावर वाटते. वर लिंबू पिळलें कीं चटणी तयार. मंडुव्याच्या भाकरीबरोबर ती खातात. मंडुवा म्हणजे आपल्या कोंकणांतील नाचणीच होय. दुसरी रीत अशी कीं, बीं पाण्यांत वाटून व गाळून त्याचें दूध काढावें, व तें गडेरी नांवाच्या अळवाच्या जातीच्या कंदाच्या भाजींत घालावें. त्यानें रस दाट व खमंग होतो. हिवाळ्यांत थोरल्या पहाडी लिंबाच्या फोडींत मुळा, दहीं, गूळ व भाजून वाटलेलें हें बीं कालवून, अंगणांत उन्हांत बसून खाण्याचीही तेथें चाल आहे. अशा जेवणानें कोणास झिंग येत नाहीं; अंगांत ऊब व बळ मात्र येतें.

तथापि एका गैरसमजांतून सुटून दुसऱ्यांत पडूं नये. अलीकडे शहरांतील दुकानांत हें बीं सुंदर वेष्टनांत महाग विकलें जातें, व तें सर्व रोगांवरील उपाय असल्याचा बोलबाला होतो. तें खरें नव्हे. याच्या प्रथिनांत लायसिन नांवाचा घटक कमी आहे, व आपल्या धान्यांतही तोच कमी असतो. म्हणून हें बीं डाळीची जागा घेऊं शकत नाहीं. याचें तेल लवकर खवट होतें. तें तळणास वापरूं नये, थंड व अंधाऱ्या जागीं झांकून ठेवावें. रस्त्याकडेच्या रानटी झाडांचें बीं कोणीही गोळा करूं नये. अन्न म्हणून रीतसर विकलें जाणारेंच घ्यावें. आरंभीं एक लहान चमचा पुरे. एकदम पुष्कळ खाल्ल्यास पोट बिघडतें.

हें बीं ज्यांस मिळणार नाहीं त्यांनीं मुळींच हळहळूं नये. पहाडी गृहिणी जें भांगेच्या बियाचें करते, तेंच आपल्या घरांतील आजी जवसाचें व कारळ्याचें करीत आली आहे. आणि लिनोलेनिक आम्लाच्या बाबतींत तर जवस भांगेच्या बियाहूनही सरस आहे. विद्यार्थिमित्रहो, केवळ नांव ऐकून अन्नाचा धिक्कार करणारा आणि केवळ वेष्टन पाहून त्याचा जयजयकार करणारा, हे दोघेही परीक्षेचा श्रम टाळतात. तुम्ही तसें करूं नका. ताटांत पडलेल्या प्रत्येक पदार्थाविषयीं, हा कोठून आला, यांत काय आहे, व हा किती खावा, हे तीन प्रश्न विचारण्याची संवय लावून घ्या. आणि आज घरीं गेल्यावर जवसाच्या चटणीपासूनच आरंभ करा.