आयफेलचे बुटके डोंगर

[डोंगर, नद्या, तलाव आणि दगड हे आपल्या प्रदेशाचा इतिहास सांगत असतात. तो वाचायला आला, तर त्याचा माणसाला उपयोग होतो. न वाचल्यास कधी कधी मोठी किंमत मोजावी लागते. जर्मनीतील आयफेल या डोंगराळ प्रदेशाची ओळख या पाठात करून दिली आहे.]

पॅरिस शहरातील आयफेल मनोऱ्याचे चित्र तुम्ही पाहिले असेल. हा लोखंडी मनोरा १८८९ साली पूर्ण झाला. ज्यांच्या कंपनीने तो उभारला, त्या इंजिनिअरचे नाव गुस्ताव्ह आयफेल. पण हे आडनाव मुळात फ्रान्समधले नाही. गुस्ताव्ह यांचे पूर्वज जर्मनीतून फ्रान्समध्ये येऊन राहिले होते. त्यांचे जर्मन आडनाव फ्रेंच लोकांना नीट उच्चारता येईना. तेव्हा त्यांनी आपल्या गावाकडच्या डोंगराळ मुलुखाचे नाव आडनाव म्हणून घेतले. त्या मुलुखाचे नाव आयफेल. मनोरा साऱ्या जगाला ठाऊक आहे. मुलूख मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. चला, आज आपण त्या मुलुखात फिरून येऊ.

आयफेल जर्मनीच्या पश्चिम सीमेवर आहे. त्याच्या पूर्वेला ऱ्हाईन नदी आणि दक्षिणेला मोझेल नदी वाहते. उत्तरेला आखेन आणि कोलोन या शहरांच्या दिशेने जमीन उतरत जाते. पश्चिमेला हेच डोंगर बेल्जियम आणि लक्झेंबर्ग या देशांत शिरतात. तेथे त्यांना आर्डेन म्हणतात.

आयफेलमधील सर्वांत उंच शिखराचे नाव होहे आख्ट. त्याची उंची फक्त ७४७ मीटर आहे. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे आयफेलचे सर्वांत उंच शिखर कळसूबाईच्या निम्मेही नाही! येथे बर्फाने कायम झाकलेली शिखरे नाहीत, की आकाशाला भिडणारे कडे नाहीत. वर उभे राहिले की दूरवर लाटांसारखे पठार दिसते. त्यावर गवताची कुरणे, शेते आणि जंगले आहेत. पण चालता चालता एकदम जमीन संपते आणि पायाखाली खोल, अरुंद दरी दिसते. तळाशी नदी वळणे घेत वाहत असते. आयफेलचे खरे रूप हेच आहे : डोंगर बुटके, पण दऱ्या खोल.

असे का झाले? सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी येथे समुद्र होता. नद्यांनी आणलेला चिखल आणि वाळू त्याच्या तळाशी थरांवर थर साचत गेली. दाबामुळे त्या थरांचे दगड झाले. चिखलाच्या थरांपासून पाटीचा दगड तयार झाला. आयफेलमधील पुष्कळ जुन्या घरांची छपरे या काळसर दगडाच्या पातळ पाट्यांनी शाकारलेली आहेत. गेरोलश्टाइन गावाजवळ तर प्रवाळाचे खडक उभे आहेत. प्रवाळ उबदार, उथळ समुद्रात वाढते. म्हणजे आज जेथे हिवाळ्यात बर्फ पडते, तेथे एके काळी उबदार समुद्राच्या लाटा उसळत होत्या.

पुढे जमिनीच्या हालचालींमुळे या थरांना घड्या पडल्या आणि उंच पर्वत तयार झाला. वारा, पाऊस आणि नद्या यांनी कोट्यवधी वर्षे तो झिजवला. शेवटी तो जवळजवळ सपाट झाला. नंतर ही सपाट जमीन पुन्हा हळूहळू वर उचलली जाऊ लागली. गेल्या काही लाख वर्षांत हे उचलणे वाढले. जमीन वर येत होती आणि नद्या तिला करवतीसारख्या कापत होत्या. म्हणून पठार सपाट राहिले आणि दऱ्या खोल झाल्या.

आयफेलची दुसरी ओळख म्हणजे तेथील गोल तलाव. वरून पाहिले तर हिरव्या रानात कोणी निळ्या थाळ्या ठेवल्या आहेत असे वाटते. गावकरी अशा तलावाला ‘मार’ म्हणत. जवळच्या ट्रियर शहरात योहान श्टाइनिंगर नावाचे एक शिक्षक होते. शाळेत शिकवता शिकवता ते आसपासच्या डोंगरांचा अभ्यास करत. १८१९-२० च्या सुमारास त्यांनी गावकऱ्यांचा हा शब्द आपल्या लेखनात वापरला. आज जगात कोठेही असा तलाव आढळला की शास्त्रज्ञ त्याला ‘मार’च म्हणतात. एका शाळामास्तरांनी खेड्यातला शब्द उचलला आणि तो साऱ्या जगाचा झाला!

मार कसे तयार होते? तापलेल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडले की ते तडतडून उडतात, हे तुम्ही घरी पाहिले असेल. पृथ्वीच्या पोटातला तापलेला शिलारस वर येताना जमिनीतल्या पाण्याला भिडला की तसेच होते. पण प्रचंड प्रमाणावर. पाण्याची क्षणात वाफ होते आणि भयंकर स्फोट होतो. दगडांचा चुरा उडतो, जमिनीत खोल खड्डा पडतो आणि त्याच्या कडेला राखेचा बांध तयार होतो. पुढे त्या खड्ड्यात पाणी साचते.

आयफेलमध्ये अशी ७० हून अधिक मारे सापडली आहेत. पुष्कळशी गाळाने भरून गेली आहेत. काहींत मात्र अजून पाणी आहे. पुल्व्हरमार हे ७० मीटरांहून अधिक खोल आहे. दाउन गावाजवळ तीन मारे एकमेकांच्या शेजारी आहेत. त्यांपैकी एकाच्या काठी वाइनफेल्ड नावाचे गाव होते. सोळाव्या शतकात ते ओस पडले. आज तेथे फक्त एक छोटे चर्च आणि कबरस्तान उरले आहे. लोक त्या तलावाला ‘मृतांचे मार’ म्हणतात.

मारांच्या तळाशी वर्षावर्षाचा गाळ साचतो. काही मारांत हे थर वहीच्या पानांसारखे वेगवेगळे मोजता येतात. कोणत्या काळी कोणती झाडे होती, हवा थंड होती की उबदार, हे शास्त्रज्ञ त्या थरांवरून सांगतात. एकफेल्ड येथील मार तर सुमारे ४ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचे आहे. त्याच्या गाळात प्राचीन काळच्या लहानशा घोड्यांचे अवशेष सापडले आहेत.

मुलांनो, हे तलाव पाहून तुम्हांला बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराची आठवण येईल. तेही असेच गोल आहे आणि काळ्या दगडाच्या प्रदेशात आहे. त्यामुळे पूर्वी काही अभ्यासक त्यालाही ज्वालामुखीचे काम समजत. पण लोणारचा खड्डा आकाशातून पडलेल्या अशनीमुळे तयार झाला आहे. रूप सारखे असले, तरी कारण वेगळे असू शकते. म्हणून नुसते पाहून भागत नाही. दगड तपासावे लागतात.

आयफेलमधील सर्वांत मोठा नैसर्गिक तलाव म्हणजे लाखर से. तो सुमारे ३.३ चौरस किलोमीटर पसरलेला आहे. हा तलाव मार नाही. सुमारे १३,००० वर्षांपूर्वी येथे ज्वालामुखीचा फार मोठा उद्रेक झाला. जमिनीखालचा शिलारस बाहेर पडल्यावर वरची जमीन खाली खचली आणि हा खड्डा झाला. या उद्रेकाची राख उत्तरेला स्वीडनपर्यंत आणि दक्षिणेला इटलीपर्यंत सापडते. राखेने आणि दगडांनी ऱ्हाईन नदीचा प्रवाहही अडला. मागे मोठा जलाशय साचला. मग तो बांध फुटला आणि खालच्या भागात महापूर आला.

या आगीचा ठेवा माणसाने कामाला लावला. मायेन गावच्या लाव्हाच्या दगडांपासून रोमन काळात आणि त्याआधीही धान्य दळण्याची जाती बनत. आपल्याकडची जातीही अशाच काळ्या दगडाची असतात. ज्वालामुखीतून उडालेला प्यूमिस नावाचा सच्छिद्र, हलका दगड वापरून घरांसाठी विटा बनवतात. रोमन लोकांनी तर इसवी सन ८० च्या सुमारास आयफेलच्या झऱ्यांचे पाणी सुमारे ९५ किलोमीटर लांब कालव्याने कोलोन शहरात नेले. पंप नव्हते. जमिनीचा उतार नीट मोजून त्यांनी हे काम केले.

आयफेलचे ज्वालामुखी आता शांत आहेत. पण त्यांना कायमचे विझलेले म्हणता येत नाही. लाखर सेच्या पूर्व काठाजवळ पाण्यातून सतत बुडबुडे येतात. ते कार्बन डायऑक्साइड वायूचे असतात. ऱ्हाईनकाठच्या आंडरनाख गावाजवळ जमिनीत खोदलेल्या विंधन विहिरीतून थंड पाण्याचे कारंजे ठरावीक वेळाने ५०-६० मीटर उंच उडते. हलवलेली सोड्याची बाटली उघडली की फेस उसळतो ना, तसेच ते घडते. लाखर सेच्या खाली फार खोलवर होणारे बारीक भूकंप यंत्रांनी टिपले आहेत, असे शास्त्रज्ञांनी २०१९ साली जाहीर केले. लवकरच उद्रेक होईल असा त्याचा अर्थ नाही. पण तेथे लक्ष ठेवले पाहिजे, असा त्याचा अर्थ नक्की आहे.

परंतु अलीकडच्या काळात आयफेलवर जे मोठे संकट आले, ते आगीचे नव्हते. ते पाण्याचे होते.

आयफेलमध्ये आर नावाची छोटी नदी आहे. ब्लांकेनहाइम गावात एका घराच्या तळघरात तिचा उगम आहे! तेथून सुमारे ८५ किलोमीटर वाहत जाऊन ती ऱ्हाईनला मिळते. खालच्या भागात दरीच्या उभ्या उतारांवर द्राक्षांचे मळे आहेत. अरुंद दरीत नदीच्या अगदी काठाला गावे वसली आहेत. एरवी ही नदी गुडघाभर पाण्याची दिसते.

१४ जुलै २०२१ रोजी आयफेलवर मुसळधार पाऊस झाला. आधीच्या पावसाने जमीन भिजलेली होती. उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि खाली दगड. पाणी मुरणार कोठे? सगळ्या ओढ्यांतून ते एकाच वेळी दरीत उतरले. झाडे, गाड्या आणि घरांचे सामान पुलांना अडकले. पुलांमागे पाणी तुंबले आणि मग पूल तुटून लोंढे सुटले. पाण्याची उंची मोजणारे यंत्रही पुराने निकामी केले. त्या एका रात्री आर नदीच्या खोऱ्यात १३० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. हजारो लोकांची घरे गेली.

‘असे कधीच झाले नव्हते,’ असे पुष्कळांना वाटले. पण ते खरे नव्हते. याच नदीला १८०४ साली आणि १९१० साली भयंकर पूर आले होते. दोन्ही वेळा अनेक माणसे बुडाली होती. जुन्या कागदपत्रांत त्याच्या नोंदी होत्या. मात्र पुराच्या धोक्याचे नकाशे तयार करताना यंत्रांनी घेतलेल्या अलीकडच्या नोंदीच विचारात घेतल्या गेल्या. जुने पूर नकाशाबाहेर राहिले. नदी विसरली नव्हती. माणसे विसरली होती.

दरी कोणी खोदली? नदीनेच. काठावरची सपाट जागा कोणी तयार केली? तीही नदीनेच, पुराच्या गाळाने. म्हणजे जेथे आपण घर बांधतो, ती जागा कधी काळी पाण्याची होती, हे जमीन स्वतःच सांगत असते. आयफेलचे डोंगर बुटके आहेत, शांत आहेत, दिसायला सुंदर आहेत. पण प्रत्येक गोल तलाव आणि प्रत्येक खोल दरी म्हणजे तेथे घडून गेलेल्या गोष्टीची खूण आहे. ही खूण ओळखायला शिकणे, यालाच भूगोल शिकणे म्हणतात.

शब्दार्थ
मुलूख – प्रदेश, इलाका. शाकारणे – छप्पर घालणे. प्रवाळ – पोवळे, मर्जान. शिलारस – पृथ्वीच्या पोटातील वितळलेला दगड. ज्वालामुखी – आतिशफिशां. उद्रेक – जोराने बाहेर पडणे. अशनी – आकाशातून पडलेला दगड. ओस पडणे – वस्ती न राहणे, वीरान होणे. ठेवा – साठवलेली मौल्यवान वस्तू. सच्छिद्र – बारीक भोके असलेला. दरी – वादी. भूकंप – जलजला.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आयफेलमधील सर्वांत उंच शिखर कोणते?
(आ) ‘मार’ हा शब्द शास्त्रात कोणी आणला?
(इ) आर नदीचा उगम कोठे आहे?

२. रिकाम्या जागा भरा.
(अ) आयफेलच्या पूर्वेला ............ नदी वाहते.
(आ) चिखलाच्या थरांपासून ............ तयार झाला.
(इ) लाखर से येथे सुमारे ............ वर्षांपूर्वी उद्रेक झाला.

३. कारणे लिहा.
(अ) आयफेलचे पठार सपाट, पण दऱ्या खोल आहेत.
(आ) २०२१ साली पावसाचे पाणी जमिनीत मुरले नाही.

४. पाच-सहा वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मार कसे तयार होते?
(आ) ‘नदी विसरली नव्हती, माणसे विसरली होती,’ असे लेखकाने का म्हटले आहे?

५. विरुद्धार्थी शब्द लिहा.
उंच, खोल, थंड, अरुंद, शांत.

६. वाक्यांत उपयोग करा.
ओस पडणे, किंमत मोजणे, लक्ष ठेवणे.

उपक्रम : तुमच्या गावातील नदीला किंवा ओढ्याला सर्वांत मोठा पूर केव्हा आला होता आणि पाणी कोठपर्यंत चढले होते, हे घरातील व शेजारच्या वडीलधाऱ्या माणसांना विचारा. मिळालेली माहिती वहीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.