आकड्याचा नाद : बाटलीवाचूनचे व्यसन

व्यसन म्हटले की दारू, तंबाखू, गुटखा, फार तर गर्द एवढीच नावे आपल्याला आठवतात. शरीरात काहीतरी जाते आणि माणूस त्याच्या आहारी जातो, अशी आपली समजूत असते. पण शरीरात काहीही न जाता जडणारी व्यसनेही असतात. त्यांना वर्तनाची व्यसने म्हणतात. त्यांतले सर्वांत जुने व्यसन म्हणजे जुगार. ऋग्वेदातील अक्षसूक्तात जुगाऱ्याची दुर्दशा आलेली आहे. तेव्हा हा रोग मोबाईलबरोबर आला, असे समजण्याचे कारण नाही.

आपल्या भागात हा नाद मटक्याने घरोघरी पोहोचवला. न्यूयॉर्कच्या बाजारात कापसाचा भाव उघडताना आणि बंद होताना काय असेल, यावर पूर्वी मुंबईत पैसे लावले जात. ते बंद पडल्यावर १९६२ साली कल्याणजी भगत यांनी वरळीत आकडा काढायला सुरुवात केली. पुढे रतन खत्री यांचे नाव गाजले. चिठ्ठ्या मातीच्या मडक्यातून काढत म्हणून मटका. नंतर पत्ते आले, तरी नाव तेच राहिले. आज कोलशेतमध्ये कारखान्यांच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत आणि आकडा खिशातल्या मोबाईलवर आला आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारने २०२५ साली कायद्याने बंदी घातली, हे चांगलेच झाले. पण कायद्याने दुकान बंद होते, नाद आपोआप सुटत नाही.

साधा हिशोब पाहा. शून्य ते नऊ असे दहा आकडे आणि लागलेल्या एका आकड्याला एकास नऊ असा भाव. म्हणजे दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला, तर दहा रुपये जाऊन नऊ परत येणार. खेळत राहणारा बुडणारच. मग हिशोब कळणारी माणसेही का खेळतात?

याचे उत्तर मेंदूत आहे. सुखाची अपेक्षा निर्माण झाली की मेंदूत डोपामिन नावाचे रसायन स्रवते. बक्षीस दर वेळी मिळाले तर त्याची नवलाई ओसरते. पण ते कधी मिळेल आणि कधी नाही हे ठाऊक नसेल, तर मेंदू त्याच्या मागे धावतच राहतो. एका अंकाने आकडा हुकला तर ती खरे पाहता हारच. पण मेंदूला ती ‘जवळजवळ जिंकलो’ अशी वाटते. कंपवातावर दिल्या जाणाऱ्या प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल अशा डोपामिनसारखे काम करणाऱ्या औषधांनी काही रुग्णांना उतारवयात अचानक जुगाराचा नाद लागलेला आढळतो. असे झाले तर औषध परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे. म्हणूनच हा केवळ स्वभावदोष नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या यादीत जुगाराचे आणि व्हिडिओ खेळांचे व्यसन आजार म्हणून नोंदलेले आहे.

असे रुग्ण जुगाराची तक्रार घेऊन दवाखान्यात येत नाहीत. अडतीस वर्षांचे एक गृहस्थ (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत) झोप येत नाही, छातीत जळजळ होते, म्हणून माझ्याकडे येत. एके दिवशी सोबत पत्नी आली आणि तिने सांगितले, “डॉक्टर, मंगळसूत्र गहाण आहे.” थोरल्या भावाने दोनदा कर्ज फेडले होते आणि दोन्ही वेळा महिन्याभरात खेळ पुन्हा सुरू झाला होता. व्यसनात फेडलेले कर्ज म्हणजे खेळायला मिळालेले नवे भांडवल, हे घरातल्यांच्या ध्यानात आले नव्हते.

पुढील गोष्टी दिसल्या तर सावध व्हावे :

१. गेलेले पैसे भरून काढण्यासाठी पुन्हा पैसे लावणे.
२. दिवसेंदिवस रक्कम वाढवत नेणे.
३. बंद केल्यास चिडचीड, बेचैनी, निद्रानाश.
४. खोटे बोलणे, मोबाईल लपवणे, दागिने किंवा पैसे नाहीसे होणे.
५. कामावर, शाळेत किंवा घरात लक्ष नसणे.

उपचार आहेत आणि ते उपयोगी पडतात. मुख्य उपचार म्हणजे समुपदेशन. खेळण्याची ऊर्मी कधी, कुठे, कोणत्या मनःस्थितीत येते हे रुग्णाने लिहून ठेवायचे आणि त्या वेळी काय करायचे हे आधी ठरवायचे. ऊर्मी लाटेसारखी असते. काही वेळ थोपवली की ओसरते. सोबत नैराश्य किंवा दारू असेल तर त्यावरही उपचार करावे लागतात. नालट्रेक्सोन हे औषध काही रुग्णांना उपयोगी पडते, पण ते मनोविकारतज्ज्ञांनीच द्यावे.

घरच्यांनी काय करावे? पगार आणि बँकेचे व्यवहार रुग्णाच्या संमतीने काही काळ दुसऱ्याने पाहावेत. रोजच्या खर्चापुरते पैसे हाती द्यावेत. सर्व देण्यांची यादी एकदाच, काही न लपवता करावी आणि ती हप्त्याने रुग्णाच्याच कमाईतून फेडावी. शिव्याशाप, शपथा आणि गंडेदोरे यांचा उपयोग होत नाही. वर सांगितलेल्या गृहस्थांच्या घरी हेच केले. सहा महिन्यांत ते एकदा घसरले, पण या वेळी दुसऱ्याच दिवशी आपणहून येऊन सांगितले. मी ते सुधारणेचे लक्षण मानतो.

एक धोका मात्र विसरू नये. कर्जात बुडालेला जुगारी आत्महत्येच्या विचाराने ग्रासलेला असू शकतो. “जीव द्यावासा वाटतो का?” असे सरळ विचारावे, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

१४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही मोफत बोलता येते. १९०१ पासून चालू असलेले ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आपल्या जवळच आहे. तिथे जाण्यात कमीपणा नाही. मधुमेहाचा रुग्ण घरात असला तर आपण साखर लपवतो, पण रुग्णाला घराबाहेर काढत नाही. जुगाराच्या रुग्णाच्या बाबतीतही तसेच वागावे : पैसा त्याच्या हातापासून दूर ठेवावा, माणूस नव्हे.