यंत्र विकत घेतल्यानंतर
लहान संस्थांतील तंत्रसामग्रीचा खर्च, देखभाल व सुरक्षा : एक अभ्यास



वर्षभरात मिळालेल्या उपकरणांची यादी वार्षिक अहवालात छापण्याची प्रथा आहे. त्या यादीत देणगीदाराचे नाव, उपकरणाचे नाव, किंमत आणि बहुधा एक छायाचित्र असते. ते उपकरण पुढील आठ-दहा वर्षे चालते ठेवण्यास काय लागते, हे मात्र यादीत कधीच येत नाही. प्रस्तुत लेख त्याविषयी आहे. आम्ही रुग्णालयाच्या अनुषंगाने लिहीत असलो, तरी आमच्या हितचिंतकांपैकी अनेकजण दुकान, छापखाना, लहान कारखाना किंवा हिशेबतपासनिसाचे कार्यालय चालवितात. पाच-दहा संगणक, एखाददुसरे महागडे यंत्र आणि त्यांची काळजी वाहण्यास पूर्णवेळ कोणीही नाही, ही स्थिती त्यांच्याकडेही असते. त्यामुळे पुढील विवेचन त्यांनाही बव्हंशी लागू पडावे.

किंमत आणि खर्च

एक साधे गणित मांडू. समजा, १० लाख रुपयांचे सोनोग्राफी यंत्र घेतले आणि हमीची मुदत संपल्यावर सात वर्षे सर्वसमावेशक देखभाल करार चालू ठेवला. कराराचा दर यंत्राच्या किमतीच्या ६ टक्के धरला, तर सात वर्षांचे ४ लाख २० हजार रुपये होतात. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कराचे ७५ हजार ६०० रुपये. म्हणजे यंत्राच्या किमतीच्या जवळजवळ निम्मी रक्कम देखभालीपोटी जाते. वीज, कागद व जेल यांचा खर्च वेगळाच. नोंदणीकृत व्यापाऱ्यास हा कर सामान्यतः आपल्या देय करातून वळता करून घेता येतो. रुग्णसेवा करमुक्त असल्याने रुग्णालयास ती सवलत मिळत नाही, आणि भरलेला कर खर्चातच जमा होतो. करमुक्त असण्याचा हा भुर्दंड बहुतेक देणगीदारांना ठाऊक नसतो.

देखभालीचे करार दोन प्रकारचे असतात आणि नावातील साम्यामुळे फसगत होते. साध्या वार्षिक करारात तंत्रज्ञाची भेट व मजुरी येते, सुटे भाग येत नाहीत. सर्वसमावेशक करारात सुटे भाग येतात. परंतु कोणते येत नाहीत याची यादी शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असते. सोनोग्राफीचा प्रोब, क्ष-किरण यंत्राची ट्यूब, बॅटऱ्या असे जे भाग महाग असतात किंवा हमखास झिजतात, नेमके तेच पुष्कळदा त्या यादीत सापडतात. तेव्हा करार वाचण्यास शेवटच्या पानापासून प्रारंभ करावा, असे आम्ही अनुभवाने म्हणू. तक्रार नोंदविल्यापासून किती तासांत माणूस येईल, सुटे भाग किती वर्षे मिळत राहतील आणि यंत्र ठरावीक दिवसांहून अधिक बंद राहिल्यास विक्रेता काय भरपाई देईल, हे तीन प्रश्नही लेखी विचारावेत. हमीनंतरच्या पाच वर्षांचे देखभालीचे दर खरेदीच्या कार्यादेशातच नमूद करून घेणे सर्वांत हिताचे. कार्यादेश हाती पडेपर्यंत विक्रेता ऐकून घेतो. नंतर ऐकण्याची पाळी आपली असते.

देखभाल न झाल्यास काय होते, याचे मोजमाप झालेले आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाशी संबंधित संशोधक पेरी व माल्किन यांनी २०११ साली विकसनशील देशांतील वैद्यकीय उपकरणांच्या नोंदी एकत्र करून तपासल्या. सुमारे ३८ टक्के उपकरणे बंद स्थितीत आढळली. प्रशिक्षणाचा, व्यवस्थापनाचा आणि वीजपुरवठ्यासारख्या मूलभूत सोयींचा अभाव ही प्रमुख कारणे त्यांनी नोंदविली. याच माल्किन यांच्या आदल्या वर्षीच्या अभ्यासात अधिक आशादायक गोष्ट आढळते. साधनांची वानवा असलेल्या ६० रुग्णालयांतील २,५२९ बंद उपकरणांपैकी १,८२१, म्हणजे ७२ टक्के, परदेशी सुटा भाग न मागविता स्थानिक साहित्यावर पुन्हा सुरू झाली. तुटलेली वायर, जळालेला फ्यूज, साचलेली धूळ, वापरणाऱ्यास न समजलेले बटण, अशा दोषांना परदेशातून तज्ज्ञ बोलवावा लागत नाही. यंत्र पाहून दोष ओळखणारा, हाकेच्या अंतरावरचा माणूस लागतो.

वीज आणि उष्णता यांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते, कारण आपल्याकडे तंत्रसामग्रीचे शत्रू तेच. यूपीएसमधील शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य साधारण २५ अंश सेल्सिअस तापमान गृहीत धरून सांगितलेले असते. तापमान त्याहून आठ-दहा अंशांनी सतत जास्त राहिल्यास ते आयुष्य सुमारे निम्मे होते. विदर्भात वा मराठवाड्यात जिन्याखालच्या बंद कोनाड्यात ठेवलेला यूपीएस म्हणूनच दोन उन्हाळ्यांत थकतो. दिवा पेटलेला असतो, यंत्र चालू दिसते, आणि वीज जाताच दोन मिनिटांत सर्व अंधार. ठरावीक काळाने मुख्य पुरवठा बंद करून यूपीएस किती मिनिटे टिकतो हे पाहणे, ते नोंदवहीत तारखेसह लिहिणे आणि त्याला हवेशीर जागा देणे, यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. मात्र बॅटरी बदलण्याची रक्कम अंदाजपत्रकात आधीच धरलेली हवी. बॅटरीवर कोणाच्या स्मरणार्थ पाटी लावता येत नाही, म्हणून तिच्यासाठी देणगी सहसा येत नाही, हेही आम्ही येथे निःसंकोचपणे सांगतो.

चालणारा संगणक आणि सुरक्षित संगणक

संगणकाची गोष्ट यंत्राहून निराळी आहे. यंत्र बिघडले की थांबते. संगणक असुरक्षित झाला तरी पूर्वीसारखाच चालत राहतो. 'विंडोज ७' या प्रणालीस सर्वसाधारण सुरक्षा-सुधारणा मिळणे १४ जानेवारी २०२० रोजी थांबले आणि 'विंडोज १०' ची नियमित मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. त्यानंतरच्या सुधारणा वेगळ्या नोंदणीने व मर्यादित काळापुरत्याच मिळतात. "अजून चांगला चालतो की!" हे वाक्य अशा संगणकाविषयी खरे असते, आणि म्हणूनच ते धोक्याचे.

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला. संगणकातील सर्व फाइलींना तो कुलूप लावी आणि किल्लीसाठी पैसे मागे. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील २३६ पैकी किमान ८१ रुग्णालय-न्यासांच्या कामात त्यामुळे व्यत्यय आला, आणि रद्द झालेल्या भेटी व शस्त्रक्रियांची संख्या १९ हजारांहून अधिक असावी असा अंदाज तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालात नमूद आहे. या प्रकरणातील खरी शिकण्याजोगी बाब निराळीच आहे. ज्या फटीतून विषाणू शिरला ती बुजविणारी सुधारणा दोन महिने आधी, १४ मार्च रोजी, उपलब्ध झाली होती. बाधित संगणकांपैकी बहुतेकांवर त्या वेळी मुदतीत असलेली 'विंडोज ७' प्रणालीच होती, म्हणजे ही सुधारणा त्यांना विनामूल्य मिळण्याजोगी होती; ती बसविली मात्र गेली नव्हती. हे काम अमुक व्यक्तीचे असे ठरवून न दिल्यास पैसे असूनही संरक्षण मिळत नाही.

आपल्या देशातील उदाहरण दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी तेथील पाच सर्व्हरांवर हल्ला झाला आणि सुमारे १.३ टेराबाइट माहितीला कुलूप लागले. नोंदणी, दाखल रुग्णांच्या नोंदी व प्रयोगशाळेचे अहवाल हे सर्व काम जवळपास दोन आठवडे हाताने करावे लागले. संगणकजाळ्याचे योग्य विभाग पाडलेले नसल्यामुळे हे घडले, असे शासनाने संसदेत सांगितले. विभाग पाडणे म्हणजे वाड्याच्या प्रत्येक खोलीस स्वतंत्र कडी असणे. नोंदणी खिडकीवरील संगणक, प्रयोगशाळेतील यंत्रे आणि अभ्यागतांसाठीचे वाय-फाय एकाच सोप्यात मांडल्यास दिंडीदरवाजातून शिरलेला चोर थेट कोठीघरापर्यंत जातो. उत्पादकाच्या संमतीशिवाय ज्यांची प्रणाली बदलता येत नाही अशा जुन्या यंत्रांच्या संगणकांना तर इंटरनेटपासून पूर्णतः तोडून वेगळ्या जाळ्यावर ठेवावे, आणि त्यांना कोणाचाही पेनड्राइव्ह लावू देऊ नये.

खंडणीखोरांपुढे लहान संस्थेची मोठी शक्ती म्हणजे माहितीची प्रत. अनेक व्यापारी टॅलीमधील हिशेबांची प्रत रोज न चुकता घेतात, परंतु ती त्याच संगणकाच्या 'डी' कप्प्यात ठेवतात. संगणक चोरीस गेला, जळाला किंवा त्यास कुलूप लागले, तर प्रतही त्याच्याबरोबरच जाते. माहितीच्या एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत वास्तूबाहेर असावी, हा जगभर मान्य झालेला नियम आहे. त्यात आम्ही एक भर घालू. एक प्रत अशी असावी की जी काम संपताच वायर काढून कपाटात जाते. जोडलेल्या डिस्कला विषाणू पोहोचतो, कपाटातील डिस्कला पोहोचत नाही. शिवाय तीन महिन्यांतून एकदा त्या प्रतीतून माहिती दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उतरवून पाहावी. उघडून न पाहिलेल्या प्रतीवर भरवसा ठेवता येत नाही.

संकेतशब्दांबाबत एक जुनी समजूत अजून टिकून आहे. दर महिन्यास संकेतशब्द बदलण्याची सक्ती केली की माणसे क्रमांक वाढवीत जातात अथवा पडद्याच्या कडेला चिठ्ठी चिकटवितात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१७ मध्येच अशी सक्ती करू नये असे सुचविले. लांब आणि प्रत्येकाचा स्वतंत्र संकेतशब्द, त्यास मोबाइलवरील दुसऱ्या पडताळणीची जोड, आणि नोकरी सोडणाऱ्याचे खाते त्याच दिवशी बंद करणे, एवढे अधिक उपयोगी. दुरुस्तीसाठी तंत्रज्ञास दिलेला दूरस्थ प्रवेशही काम झाल्यावर बंद व्हावा; तो महिनोन्‌महिने उघडा राहिलेला पुष्कळ ठिकाणी दिसतो.

मालकी कोणाची?

विश्वस्तांसाठी एक मुद्दा स्वतंत्रपणे मांडावासा वाटतो. लहान संस्थांचे संकेतस्थळाचे नाव, ई-मेलचे मुख्य खाते आणि सर्व्हरचा सर्वाधिकार असलेला संकेतशब्द पुष्कळदा बाहेरच्या तंत्रज्ञाच्या नावावर किंवा त्याच्या स्मरणात असतो. तो प्रामाणिक असेल. पण तो परगावी जाऊ शकतो, आजारी पडू शकतो. जागेचा सातबारा आपण परक्याच्या नावावर ठेवीत नाही, तसेच हे. ही सर्व नोंदणी संस्थेच्या नावे असावी, आणि संकेतशब्द मोहोरबंद पाकिटात तिजोरीत असावेत. जडवस्तू संग्रह नोंदवहीत प्रत्येक संगणकापुढे प्रणालीची मुदत, कराराची अखेरची तारीख व जबाबदार व्यक्तीचे नाव असे तीन रकाने वाढविले, की अंतर्गत लेखापरीक्षणातच बरेचसे उघड होते. फुकट मिळालेल्या चोरट्या आज्ञावलीस मात्र या नोंदवहीत जागा असू नये. तिच्याबरोबर काय येते याचा भरवसा नसतो, आणि पत्रे व तक्ते करण्यास 'लिबरऑफिस' सारख्या विनामूल्य व अधिकृत आज्ञावल्या उपलब्ध आहेतच.

कायद्याचा धागाही आता घट्ट झाला आहे. एप्रिल २०२२ मधील निर्देशांनुसार ठरावीक प्रकारचे सायबर हल्ले लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेस कळवावे लागतात. व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले; त्यांतील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. माहितीच्या सुरक्षेत हयगय झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे.

देणगीदारांस आमची विनंती एवढीच, की उपकरण देताना त्याच्या देखभालीसाठीही काही रक्कम, शक्य असल्यास वेगळ्या ठेवीच्या रूपाने, राखून ठेवण्याचा विचार व्हावा. विश्वस्तांनीही तुटीच्या वर्षी अंदाजपत्रकातील देखभालीच्या ओळीवर सर्वांत प्रथम काट मारू नये.

रुग्णांच्या आप्तजनांसाठी शेवटी काही व्यावहारिक सूचना. रुग्ण दाखल असताना रुग्णालयातून बोलतो असे सांगून कोणी दूरध्वनीवर पैसे किंवा ओटीपी मागितल्यास फोन ठेवावा आणि स्वतः बिल खिडकीवर येऊन विचारावे. पैसे गेले असतील, तर विलंब न करता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत रक्कम गोठविता येण्याची शक्यता अधिक असते. आपला केसपेपर, तपासण्यांचे अहवाल आणि डिस्चार्ज कार्ड एका फाइलीत घालून घरी जपावे व प्रत्येक भेटीस सोबत आणावे. रुग्णालयाचा संगणक बंद असलेल्या दिवशी डॉक्टरांच्या हाती रुग्णाचा पूर्वेतिहास देणारी तीच एक प्रत असते.