आधी पाहुणे, मग यजमान

वाचण्यापूर्वी: तुम्ही कधी घर बदललंय का? सगळ्यात आधी काय हलवलं?

ॲमस्टरडॅममधल्या जुन्या घरांच्या छपराखाली एक मोठा आकडा दिसतो. जिने अरुंद, म्हणून कपाट, सोफा दोराने वर ओढून खिडकीतून आत घ्यायचे. मी आयटीत काम करतो. मीही बिऱ्हाडं हलवतो, पण संगणकांची!

काही संस्थांचा स्वतःचा क्लाउड असतो. त्याला प्रायव्हेट क्लाउड म्हणतात. क्लाउड म्हणजे ढग, पण हा ढग जमिनीवरच असतो: डेटा सेंटरमध्ये रांगेने लावलेले सर्व्हर. हायपरवायझर नावाचं सॉफ्टवेअर एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवतं. खरा सर्व्हर म्हणजे होस्ट, आपला यजमान. आभासी संगणक म्हणजे गेस्ट, आपले पाहुणे. यजमानांच्या गटाला क्लस्टर म्हणतात.

एका क्लस्टरमध्ये जागा कमी पडली, की दुसरीकडचा यजमान तिथे हलवतात. पण घरात पाहुणे असताना घर कसं हलवणार? म्हणून हा क्रम:

१. यजमानाला मेंटेनन्स मोडमध्ये टाकायचं. आता नवे पाहुणे येणार नाहीत.

२. असलेले पाहुणे शेजारच्या यजमानांकडे पाठवायचे. ते काम करत असतानाच त्यांची मेमरी कॉपी होते. तेवढ्यात जे बदललं, ते पुन्हा कॉपी होतं. शेवटी पाहुणा क्षणभर थांबतो आणि नव्या घरी काम पुढे सुरू करतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 'क्वेक ३' या गेमचा सर्व्हर खेळ चालू असताना असाच हलवला. तो थांबला फक्त ६० मिलिसेकंद!

३. रिकामा यजमान जुन्या क्लस्टरमधून काढून नव्यात जोडायचा. नेटवर्क आणि स्टोरेज तपासायचं, मगच पाहुणे घ्यायचे.

एकदा मी हे सगळं नीट केलं, तरी चुकलो. जुन्या क्लस्टरमध्ये किती जागा उरेल, ते मोजलंच नाही. ती जेमतेम उरली होती. दोन दिवसांनी तिथला आणखी एक यजमान बंद पडला आणि त्याच्या पाहुण्यांना कुठेच जागा मिळेना. गोदामातली माणसं सकाळभर बंद स्क्रीनसमोर बसून राहिली. माझ्यावर कुणी ओरडलं नाही, पण मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून मी आधी मागे राहणाऱ्यांचा हिशोब करतो, मग जाणाऱ्याचा.

शब्दार्थ
बिऱ्हाड – संसार, घरातलं सगळं सामान
अरुंद – रुंदी कमी असलेला
आभासी – खरा नाही, पण खऱ्यासारखा
जेमतेम – कसंबसं पुरेल इतकं

म्हण: विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. (सतत जागा बदलणाऱ्या माणसाबद्दल म्हणतात.)

प्रश्न
१. यजमान हलवण्याआधी पाहुण्यांना का पाठवतात?
२. लेखकाने कोणती गोष्ट मोजली नाही? त्यामुळे काय झालं?
३. तुमचे आई-बाबा नेदरलँड्सला आले, तेव्हा मागे कोण कोण राहिलं? त्यांची काय सोय केली होती? घरी विचारा आणि पाच वाक्यं लिहा.