एका बाइटातले जंगल



१९९० च्या दशकात अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरला ज्यांचे बालपण गेले, अशा कोणालाही 'काँट्रा' हा शब्द नुसता ऐकवून पहा. दूरचित्रवाणी संचाला जोडलेली 'समुराई' किंवा 'मीडिया' नावाची पेटी, फुंकर मारून बसवलेली कॅसेट आणि पडद्यावर उलगडणारे जंगल त्यांना लगेच आठवेल. जपानच्या कोनामी कंपनीने १९८७ साली काढलेल्या या खेळाचा पहिला टप्पा जंगलातच आहे. धावायचे, उडी मारायची, फळीवरून फळीवर जायचे आणि शत्रूला चुकवायचे, असा हा खेळ.

या प्रकारच्या खेळांच्या अगदी पहिल्या पिढीत एक खेळ होऊन गेला. त्याचे नाव 'पिटफॉल', म्हणजे खड्ड्याचा सापळा. अमेरिकेतील अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीसाठी डेव्हिड क्रेन यांनी तो १९८२ मध्ये तयार केला. हॅरी नावाचा गडी जंगलातून धावतो. ओंडके, विंचू, साप, मगरी आणि दलदल चुकवतो. वेलीला लोंबकळून खड्डे पार करतो आणि २० मिनिटांत ३२ खजिने शोधतो. जंगलाचे एकूण देखावे २५५. एक देखावा संपला की दुसरा समोर येतो.

आता खरा प्रश्न असा, की हे २५५ देखावे ठेवले कोठे?

जागेची अडचण

हा खेळ अटारी २६०० या १९७७ सालच्या यंत्रावर चालत असे. त्याच्या कॅसेटमध्ये ४०९६ बाइट माहिती मावे आणि खेळ चालू असताना बदलत्या गोष्टी लक्षात ठेवण्यासाठी यंत्राकडे अवघ्या १२८ बाइटांची स्मृती होती. एक बाइट म्हणजे ० किंवा १ असे आठ अंक. या प्रत्येक अंकाला बिट म्हणतात.

पडद्यावर आडवे १६० आणि उभे १९२ ठिपके दिसत. गुणाकार करा: ३०,७२० ठिपके. प्रत्येक ठिपका 'पेटलेला' की 'विझलेला' एवढेच लिहायचे म्हटले, रंग सोडून दिले, तरी एका देखाव्याला ३,८४० बाइट लागतील. म्हणजे एकाच चित्रात सगळी कॅसेट जवळजवळ भरली! २५५ चित्रांना तर ९,७९,२०० बाइट हवेत.

या यंत्राला पूर्ण चित्र कधीच लक्षात ठेवता येत नसे. जुन्या दूरचित्रवाणी संचात इलेक्ट्रॉनांची शलाका पडद्यावर डावीकडून उजवीकडे एकेक ओळ रेखत वरून खाली येई. अटारीचा संगणक शलाकेच्या बरोबरीने धावत, चालू ओळीत काय दाखवायचे तेवढेच आयत्या वेळी सांगत असे. एका ओळीसाठी त्याला वेळ मिळे सुमारे ६३.५ मायक्रोसेकंद, तेवढ्यात त्याच्या घड्याळाचे ७६ ठोके पडत. त्यातच काम उरकायचे.

म्हणून क्रेन यांनी चित्रे साठवलीच नाहीत. त्यांनी साठवला एक नियम.

अंधेरी ते बोरिवली

तो नियम आपण लहान प्रमाणावर कागदावर करून पाहू. आठऐवजी तीनच अंक घेऊ. नियम असा:

(१) डावीकडचे पहिले दोन अंक पहा. ते सारखे असतील तर ०, वेगळे असतील तर १ हा नवा अंक मिळतो.
(२) सर्व अंक एक घर डावीकडे सरकवा. सर्वांत डावीकडचा अंक बाहेर पडेल.
(३) उजवीकडे रिकाम्या झालेल्या घरात नवा अंक लिहा.

००१ पासून सुरुवात करू. पहिले दोन अंक ० आणि ०, म्हणजे सारखे. नवा अंक ०. सरकवल्यावर मिळते ०१०. आता पहिले दोन अंक ० आणि १, म्हणजे वेगळे. नवा अंक १. मिळाले १०१. असेच पुढे चला. पश्चिम रेल्वेवर अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत सात स्थानके आहेत. प्रत्येकाला एकेक संख्या देऊ:

अंधेरी – ००१
जोगेश्वरी – ०१०
राम मंदिर – १०१
गोरेगाव – ०११
मालाड – १११
कांदिवली – ११०
बोरिवली – १००

बोरिवलीच्या १०० ला नियम लावला की पुन्हा ००१, म्हणजे अंधेरी! सात स्थानकांचे वर्तुळ पूर्ण झाले आणि कोणतीही संख्या दोनदा आली नाही.

आता या अंकांना अर्थ देऊ. पहिला अंक १ असेल तर झाडी दाट, ० असेल तर विरळ. दुसरा १ असेल तर वाटेत खड्डा. तिसरा १ असेल तर साप. मग अंधेरीला विरळ झाडीत साप आहे पण खड्डा नाही. मालाडला दाट झाडी, खड्डा आणि साप हे तिन्ही आहेत. सात देखाव्यांचे जंगल तयार झाले आणि लक्षात ठेवायचे काय, तर एक आरंभसंख्या व एक नियम.

तीन अंकांच्या एकूण संख्या आठ असताना स्थानके सातच का? कारण ००० ही संख्या निरुपयोगी आहे. तिला नियम लावला की पुन्हा ०००च मिळते. गाडी तेथेच अडकते. म्हणून २ × २ × २ – १ = ७. आठ अंकांसाठी हाच हिशेब २५६ – १ = २५५. पिटफॉलचे देखावे २५५च का, याचे उत्तर हे आहे.

हॅरीचे जंगल

प्रत्यक्ष खेळातला नियम असा आहे: आठ अंकांपैकी डावीकडून पहिला, तिसरा, चौथा आणि पाचवा अंक पहा. त्यांत १ हा अंक विषम वेळा आला असेल तर नवा अंक १, सम वेळा किंवा मुळीच आला नसेल तर ०. मग पूर्वीप्रमाणे सरकवा. आरंभसंख्या १९६, द्विमान पद्धतीत ११०००१००. नियम लावला की १०००१००१, म्हणजे १३७. त्यानंतर ०००१००१०, म्हणजे १८. संख्या अशा उड्या मारतात, की पाहणाऱ्याला त्या मनमानी वाटाव्यात. पण मनमानी काहीच नाही. प्रत्येक देखावा आधीच्या देखाव्यावरून पूर्णपणे ठरलेला आहे.

डावीकडचे दोन अंक झाडांची ठेवण ठरवतात, मधले तीन खड्ड्यांचा प्रकार, शेवटचे तीन ओंडका, साप, आग यांसारखी वस्तू.

हॅरी मागे फिरला तर? मागचा देखावा जसाच्या तसा दिसायला हवा, नाही तर खेळणारा फसवला गेला असे होईल. त्यासाठी नियम उलटा चालवता आला पाहिजे. आपल्या तीन अंकांच्या जंगलात उलटा नियम असा: पहिला आणि शेवटचा अंक ताडून पहा; सारखे तर ०, वेगळे तर १. मग अंक उजवीकडे सरकवा आणि हा अंक डावीकडे लिहा. अंधेरीच्या ००१ ला तो लावा. १०० मिळेल, म्हणजेच बोरिवली.

मात्र एक गोष्ट कोणत्याही नियमातून मिळत नाही. हॅरीने एखादा खजिना उचलला की नाही, ही घडलेली घटना आहे आणि घडलेली घटना लक्षातच ठेवावी लागते. ३२ खजिन्यांना ३२ बिट, म्हणजे फक्त ४ बाइट पुरतात.

उडी आणि गॅलिलिओ

आता थोडे पदार्थविज्ञान. अशा खेळांत नायकाची उडी सहसा साध्या बेरजेने काढतात. समजा, उडी मारताच तो पहिल्या चित्रात ६ ठिपके वर गेला, दुसऱ्यात ५, तिसऱ्यात ४. दर वेळी वेग सारख्याच प्रमाणात, १ ने, कमी होतो. उंची होईल ६, ११, १५, १८, २०, २१, २१, आणि मग उतार २०, १८, १५, ११, ६, ०. त्याच वेळी तो पुढे सारख्या वेगाने सरकत असेल, तर आलेख कागदावर हे बिंदू मांडा. अन्वस्त मिळेल, फेकलेल्या चेंडूचा मार्ग! वेगात दर क्षणी सारखा बदल होतो, हा गॅलिलिओने शोधलेला पतनाचा नियमच येथे वापरला आहे.

पण काँट्रामध्ये नायक हवेत असतानाच दिशा बदलू शकतो. प्रत्यक्षात हे शक्य नाही. आडव्या दिशेने ढकलणारे काही नसेल, तर आडवा वेग बदलत नाही. हा न्यूटनचा पहिला नियम. खेळाची मजा वाढावी म्हणून त्याला येथे रजा दिलेली आहे.

आणखी एक गंमत. जपान व अमेरिकेतील जुन्या दूरचित्रवाणी संचांवर पडदा सेकंदाला ६० वेळा रेखला जाई, आपल्या पद्धतीत ५० वेळा. दर फेरीला एक पाऊल टाकणारा खेळ काहीही न बदलता आपल्याकडे चालवला, तर ६० पावलांना १.२ सेकंद लागतात. म्हणजे खेळातली २० मिनिटे आपल्या मनगटावरच्या घड्याळात २४ होतात!

दुसरे जंगल

बोरिवलीला खरे जंगलही आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर पसरलेले आहे. तेथे बिबटे आहेत, साप आहेत, कान्हेरीची लेणी आहेत. या जंगलाला आरंभसंख्या नाही. प्रत्येक झाड तेथे पडलेल्या बीचे, पावसाचे, मातीचे आणि गेलेल्या वर्षांचे फळ आहे. हॅरीचे जंगल पुसले, तर १९६ पासून सुरुवात करून क्षणात पुन्हा उभे करता येते. बोरिवलीचे पुसले, तर कोणताही नियम ते परत देणार नाही. तेथे प्रत्येक झाड म्हणजे उचललेला किंवा न उचललेला खजिना आहे आणि त्याची नोंद दुसरीकडे कोठेही नाही. कोणती गोष्ट सूत्रात मावते आणि कोणती मावत नाही, हे ओळखणे हाही विज्ञानाचाच भाग आहे.

करून पहा

१. नियम बदला: पहिला आणि तिसरा अंक ताडून नवा अंक काढा. ००१ पासून सुरुवात करून मध्य रेल्वेच्या विद्याविहार ते मुलुंड या सात स्थानकांना संख्या द्या.
२. आता दुसरा आणि तिसरा अंक ताडा. ००१ परत येतो का? १०० चे काय होते?
३. पिटफॉलमध्ये १८ नंतरचे दोन देखावे कोणते?
४. खेळात जमिनीखाली भुयार आहे. त्यातून गेले की एकदम तीन देखावे पुढे जाता येते. भिंती आडव्या येत नाहीत असे धरून, फक्त भुयारातून गेल्यास हॅरीला सर्व २५५ देखावे दिसतील का?

उत्तरे: (१) ००१, ०११, १११, ११०, १०१, ०१०, १००. (२) नाही, ०११, ११०, १०१ या तिघांतच फेरा राहतो. १०० चे ००० होते आणि गाडी अडकते. म्हणजे कोणताही नियम चालत नाही, तो निवडावा लागतो. (३) ३७ आणि ७५. (४) नाही. २५५ ला ३ ने पूर्ण भाग जातो, म्हणून ८५ देखाव्यांनंतर तो पुन्हा निघाल्या जागी येईल. आपल्या सात स्थानकांच्या जंगलात मात्र तीन-तीनच्या उड्यांनी सर्व स्थानके लागतात. का, ते तुम्हीच शोधा.