नव्या मुलखात घोडा रुळतो कसा?

कॅसलरॉकहून गोव्याच्या दिशेने सुटलेली आगगाडी ब्रागांझा घाटात शिरली म्हणजे दर ३७ फुटांस १ फूट अशा तीव्र उताराने ती सह्याद्री उतरू लागते. दूधसागराचा शुभ्र प्रपात पाहण्यात गुंग झालेल्या प्रवाशास सहसा हे सुचत नाही की, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा लोहमार्ग होण्यापूर्वी गोव्याच्या बंदरातून देशावर जे काही यावयाचे, ते माणसांच्या डोक्यावरून, बैलांच्या पाठीवरून किंवा स्वतःच्या पायांनी या पर्वतराजीच्या निरनिराळ्या घाटांनी वर चढत असे. स्वतःच्या पायांनी चढणाऱ्यांत एक फार मोलाचा पाहुणा असे. तो म्हणजे अरबस्तानातून व इराणातून जहाजाने आणलेला घोडा.

दक्षिणेतील राजांचे बळ घोडदळावर अवलंबून होते. परंतु युद्धास योग्य असे मोठे व वेगवान घोडे या भूमीत फारसे पैदा होत नसत. म्हणून समुद्रावर ज्याची सत्ता, त्याच्या हाती घोड्यांची किल्ली! पोर्तुगीजांनी १५१० साली गोवे जिंकले आणि हा व्यापार आपल्या मुठीत आणला. १५४७ साली त्यांनी विजयनगरशी जो तह केला, त्यात गोव्यात उतरणारे घोडे विजयनगरास मिळावेत, विजापूरकरांस मिळू नयेत, असे कलमच होते. घोड्यांसाठी राज्ये तह करीत व मोडीत. पण घोडा विकत घेणे ही द्रव्याची गोष्ट आहे. तो परमुलखात जगविणे आणि आपलासा करणे ही ज्ञानाची गोष्ट आहे. या दुसऱ्या गोष्टीकडे कित्येक राजांचे लक्षच नव्हते.

तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो हा व्हेनिसचा प्रवासी दक्षिणेत पांड्यांच्या राज्यात आला होता. तो सांगतो की, तेथील राजा दरवर्षी २,००० हून अधिक घोडे विकत घेई, आणि वर्षअखेर त्यांतले १०० देखील जिवंत उरत नसत. कारण काय? तर घोड्यांची निगा कशी राखावी हे तेथे कोणास ठाऊक नव्हते, नालबंद नव्हते, आणि घोड्यांना शिजविलेला भात व मांस खावयास घालीत! त्याहून दुःखाची गोष्ट म्हणजे, घोडे आणणारे व्यापारी जाणत्या नालबंदांस त्या देशी येऊच देत नसत. घोडे मेले नाहीत तर पुढील वर्षी त्यांचा माल कोण घेणार? पुढे पंधराव्या शतकात विजयनगरच्या साळुव नरसिंहाने तर तीन घोड्यांस एक हजार पारदाव या दराने जिवंत व मृत दोन्ही घोडे घेतले. समुद्रात मेलेल्या घोड्याची नुसती शेपटी आणून दाखविली तरी तो पैसे देई, असे नुनिझ या पोर्तुगीज घोडेव्यापाऱ्याने लिहून ठेविले आहे. राजाच्या या औदार्याचे कौतुक करावे की त्या मुक्या जनावराची कीव करावी, हे ज्याने त्याने ठरवावे.

हे घोडे इतक्या झपाट्याने का मरत असावेत, याचा पुष्कळसा उलगडा आजच्या पशुवैद्यकाने होतो. घोड्याच्या आतड्याच्या शेवटच्या, मोठ्या भागात असंख्य सूक्ष्म जीव असतात व तेच त्याच्या चाऱ्याचे पचन करतात. नेहमीचा चारा एकाएकी बदलला की त्या जीवांचा मेळ बिघडतो व पोटशूळ उठतो. निसर्गाने घोड्यास ओकारी करण्याची सोय दिलेली नाही. त्यामुळे पोटात गेलेले वाईट बाहेर पडत नाही व पोटशूळ त्याच्या जिवावर बेततो. म्हणून नवी चंदी द्यावयाची ती जुनीत थोडी थोडी मिसळून, निदान आठ-पंधरा दिवसांत हळूहळू वाढवीत न्यावी, असा नियम आहे. उष्ण व दमट हवेचेही तसेच. १९९६ सालच्या अटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांपूर्वी शास्त्रज्ञांनी जे प्रयोग केले, त्यांत असे आढळले की, उकाड्यात रोज बेताची रपेट करविल्यास सुमारे दोन आठवड्यांत घोड्याचे शरीर त्या हवेस बरेचसे सरावते. जहाजातून कित्येक दिवस जागच्या जागी उभ्या राहून आलेल्या, जवावर वाढलेल्या घोड्यास भात चारून लगेच राबवू लागले तर दुसरे काय होणार?

तथापि, आपल्या मुलखातील सर्वच लोक असे अजाण होते असे मात्र नव्हे. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी होर्मुझहून एक उमदा घोडा घेऊन चौलास उतरला आणि घाट चढून जुन्नरास आला. (चौलाशेजारी रेवदंड्यास त्याचे स्मारक आहे.) जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा हिसकावून घेतला होता, महत्प्रयासाने तो परत मिळाला. पावसाळाभर सर्वत्र चिखल व पाणी, अशा स्थितीत त्याने जुन्नरात मुक्काम केला. येथील लोक घोड्यांना वाटाण्यासारखे कडधान्य चारतात, तसेच साखर व तेल घालून शिजविलेली खिचडी देतात, असे तो नोंदवितो. पुढे बिदरास त्याने तो घोडा विकला. म्हणजे परदेशचा तो प्राणी दख्खनचा एक पावसाळा सोसून, घाट चढून, पुन्हा विकण्याजोगा धडधाकट राहिला होता.

मराठ्यांनी या प्रश्नाची उकल दोन्ही बाजूंनी केली. एक तर भीमथडीच्या, म्हणजे भीमेच्या खोऱ्यातील, लहान चणीच्या पण काटक तट्टांवर त्यांनी भिस्त ठेवली; या मुलखाचे पाणी, गवत व चढउतार त्यांच्या हाडीमासी खिळलेले होते. दुसरे म्हणजे, त्यांनी पागेची व्यवस्था बांधली. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद असावा, असा शिवाजीमहाराजांचा दंडक सभासदाच्या बखरीत आला आहे. मार्को पोलोने पाहिलेल्या नालबंदहीन तबेल्यांशी याची तुलना करून पाहावी! चिपळूण भागात पावसाळ्यासाठी छावणीस ठेविलेल्या घोडदळास महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास पाठविलेले पत्र प्रसिद्धच आहे. रयतेस काडीचाही त्रास देऊ नये, ही त्यातील आज्ञा आपण शाळेत शिकतो. पण त्याच पत्रात घोड्यांविषयीही तितकीच कळकळ आहे. गवत-दाणा आताच वाटेल तसा उधळलात तर ऐन पावसाळ्यात तो मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील व ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असे त्यांनी बजावले आहे. उंदीर दिव्याची जळती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंज्यांस आग लागेल, येथपर्यंत त्यांची दृष्टी पोहोचली होती.

आता मनाकडे वळू. घोडा हा मूळचा कळपात राहणारा व भक्ष्य होणारा प्राणी; पळून जाणे हेच त्याचे संरक्षण. त्याचे डोळे मस्तकाच्या दोन्ही अंगांस असल्याने त्यास जवळजवळ सर्व बाजूंचे दिसते. फक्त नाकासमोरची थोडी जागा व पाठीमागची जागा तेवढी दिसत नाही. यामुळे वाऱ्यावर फडफडणारे धोतरही त्याला वाघासारखे भासते व तो बुजतो. अशा वेळी चाबूक ओढणारा स्वार घोड्यास एवढेच शिकवितो की, ती वस्तू खरोखरच वेदना देणारी आहे. ग्रीक सेनानी झेनोफन याने सुमारे २,४०० वर्षांपूर्वी अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला. शिंगरास गर्दीतून व गोंगाटातून हिंडवावे आणि ते भ्याले तर न रागावता, त्या वस्तूत भिण्यासारखे काही नाही हे त्यास उमगू द्यावे, असा त्यात उपदेश आहे. आपल्याकडचे जाणते चाबूकस्वारही हेच करीत. नावात चाबूक असला तरी त्यांची खरी विद्या धीराची होती.

एक बारकावा येथे सांगण्याजोगा आहे. ओळखीची झालेली वस्तू जरा फिरवून ठेवली, तर घोडा पुन्हा नवीनच वस्तू पाहावी तसा दचकतो, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका प्रयोगात दिसून आले. म्हणून नव्या वाटेवर घोडा जाताना शांत राहिला, एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. परतताना तीच वाट त्यास उलट बाजूने दिसते. नव्या थानावर त्याच्या शेजारी एखादा जुना, शांत घोडा बांधला तर अर्धे काम होते. काही घोडे अनोळखी पाणी पीत नाहीत. त्यावर तोडगा असा की, प्रवासापूर्वी घरीच काही दिवस पाण्यात किंचित गूळ घालून चव लावावी व नव्या ठिकाणी तीच चव द्यावी.

आणि स्वार? शिलेदाराचा घोडा स्वतःचा; पण बारगिरास सरकारी पागेतून मिळेल तो घोडा घ्यावा लागे. साहजिकच अनोळखी पाठीवर मांड बसविण्याची कला त्याला साधावी लागे. २००९ साली स्वीडनमध्ये एक मोठा मौजेचा प्रयोग झाला. घोड्यावर बसलेल्यांना सांगण्यात आले की, आता वाटेत एकदम छत्री उघडली जाईल. प्रत्यक्षात छत्री उघडलीच नाही. तरी स्वारांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्यांच्याबरोबर घोड्यांचेही वाढले! घोड्यास छत्रीची वार्ता कोणी सांगितली होती? बहुधा स्वाराच्या मांड्या आवळल्या गेल्या असतील, लगाम आखडला असेल, श्वास थांबला असेल. महाबळेश्वरास किंवा माथेरानला प्रथमच घोड्यावर बसणाऱ्या विद्यार्थ्याने हे ध्यानी ठेवावे. चढण्यापूर्वी क्षणभर घोड्याच्या खांद्याशी उभे राहून त्यास आपला वास घेऊ द्यावा, मानेवर हात फिरवावा, टाचा खाली व नजर पुढे ठेवावी, आणि भीती वाटलीच तर लगाम ओढण्याऐवजी सावकाश श्वास सोडावा.

तापीकाठी सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो व तेथे मारवाडी, काठेवाडी जातीची जनावरे येतात. तेथे नवखा गिऱ्हाईक रंग, भोवरे व चाल पाहून पैसे मोजतो. जाणता गिऱ्हाईक व्यवहार झाल्यावरही मालकास सोडीत नाही. हा कोणती चंदी खातो, किती, कोणत्या वेळी, कोणत्या हाकेने थांबतो, कशाला बुजतो, हे सारे तो विचारून घेतो. आणि निघताना घोड्याबरोबर त्याच्या ओळखीच्या चंदीचे एक पोतेही मागून नेतो.